खाली ठेवलेला पेला

पाहुण्याने कॉफीचा पेला ओठाला न लावताच खाली सतरंजीवर ठेवला आणि तंबूत एकदम शांतता पसरली.

यजमान सुवैलिमच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. शेजारी बसलेला त्याचा चुलतभाऊ मुतलक दात कोरत होता, त्याची काडी दातातच अडकली. पडद्यामागे बायकांच्या बाजूला त्याची बायको सबहा कणीक मळत होती, तिचेही हात थांबले.

पाहुणा भरलेला पेला खाली ठेवतो, तेव्हा त्याला यजमानाकडे काहीतरी मागायचे असते. मागणे मान्य होईपर्यंत तो घोट घेत नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला, तर त्या तंबूची अब्रू त्याच्यामागोमाग चालू लागते. हे वाळवंटातल्या शेळ्यांनाही ठाऊक होते. या परदेशी पाहुण्याला, हेनिंगला, ठाऊक नव्हते.

हेनिंग ज्या देशातून आला होता तो देश ताटासारखा सपाट होता. खालच्या पठारावरचे जुने देऊळ पाहायचे, खांबांना हात लावायचा आणि संध्याकाळी परत यायचे, एवढेच त्याने ठरवले होते. पण मुतलकने त्याला समोरचा उभा कडा दाखवला होता. वर बोट आणि खाली बोट करून, मध्ये एक लांब शीळ घालून, वरच्या कोरीव चित्रांकडे जाताना माणूस पडला तर काय होते तेही हौसेने सांगितले होते. ते पाहून हेनिंगचा हात इतका कापू लागला, की कॉफी सांडू नये म्हणून त्याने पेला खाली ठेवला.

"बोल की," मुतलक कुजबुजला. "पाहुणा खोळंबलाय."

सुवैलिमने छाती फुगवली. त्याच्या बापाने कधी 'काय हवंय' असे आधी विचारले नव्हते. आजोबांनीही नाही. "पी पाहुण्या, पी!" तो गरजला. "जे मागशील ते दिलं!"

त्या आवाजाने दचकून हेनिंगने पेला उचलला आणि रिकामा केला. मग, यजमान चांगला माणूस दिसतोय असे वाटून, त्याने धीर केला. छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणले आणि तंबूच्या दाराकडे बोट दाखवून आपल्या भाषेत काहीतरी विनवले.

त्याचे बोट कड्याकडे होते. पण कडा आणि बोट यांच्या बरोबर मध्ये हमामा बांधलेली होती.

हमामा म्हणजे सुवैलिमची पांढरी सांडणी. तिच्या आईच्या आईवर बसून सुवैलिमचे आजोबा लग्नाला गेले होते. सुवैलिम स्वतः खजूर खायच्या आधी एक तिला भरवायचा.

"गेली," मुतलक म्हणाला. "गेली रे तुझी सांडणी, काकाच्या पोरा."

"गप! तो आभाळ दाखवत असेल."

"आभाळ कशाला मागेल? आभाळ त्याच्याकडेही आहे."

पडद्यामागून सबहाचा आवाज आला, "नेतोय तर नेऊ दे. काल तिनं माझी ओढणी खाल्ली. परवा तंबूचा दोर. आता हा पडदा तेवढा राहिलाय."

सुवैलिमने दाराबाहेर हमामाकडे पाहिले. विचारायची सोय नव्हती. एकदा दिले म्हटल्यावर 'नक्की काय दिले' असे विचारणारा माणूस पुढे कोणत्या तोंडाने जगणार? पाहुण्याची भाषा घरात एकट्या वदहाला येत होती, आणि ती सुवैलिमची मुलगी शिकायला शहरात गेली होती. संध्याकाळच्या गाडीने येणार होती.

पाहुण्याला देवळाकडे नेताना चालता चालता त्याने एक युक्ती काढली. पाहुण्याला इतके दाखवायचे, इतके खूश करायचे, की तो सांडणी विसरला पाहिजे.

खालचे देऊळ पाहून हेनिंग खरेच खूश झाला. पडलेल्या खांबांवरून हात फिरवत हसला. दगडावर कोरलेल्या द्राक्षाच्या वेलीपाशी तर त्याने टोपी काढली. सुवैलिमला हायसे वाटले. 'एवढ्यावर हसतोय, तर वरची चित्रं पाहून नाचेल,' असे म्हणून त्याने पाण्याची पिशवी खांद्यावर टाकली आणि कड्याची वाट धरली.

हेनिंग ओरडला. त्याने दोन्ही हात हलवले. सुवैलिमला वाटले, पाहुण्याला घाई झाली आहे. त्याने चाल वाढवली. पाणी त्याच्याकडे, वाट त्याला ठाऊक, आणि चहूकडे नुसता लाल दगड. एकटे मागे राहण्यापेक्षा मरण बरे, असे म्हणून हेनिंग निघाला.

पहिल्या वळणापर्यंत तो दोन पायांवर होता. दुसऱ्यानंतर चार. अरुंद धारेवर तर तो पोटावर आला आणि डोळे मिटून सरड्यासारखा सरकू लागला. सुवैलिम कौतुकाने पाहत होता. 'केवढा अभ्यासू! दगड न् दगड नाक लावून बघतोय.'

वर सपाट कातळ होता. जुन्या लोकांनी त्यावर रानबकरे कोरले होते, धनुष्य ताणलेले शिकारी कोरले होते, आणि एक माणूस कोरला होता, हातात दोर आणि दोराला सांडणी. हेनिंगने कड्याच्या बाजूला एकदा पाहिले आणि त्याने समोरच्या खडकाला मिठी मारली. मिठी नेमकी त्या सांडणीला बसली.

"अरे देवा," सुवैलिम पुटपुटला. "इथंसुद्धा तीच!"

हेनिंग आता तिथून हलेना. सुवैलिमने हात धरला, तर त्याने खडक आणखी घट्ट धरला. ऊन तापले. पाणी गरम झाले. शेवटी हेनिंगने डोळे उघडले, कोरलेल्या सांडणीवर बोट ठेवले, मग स्वतःच्या छातीवर, मग लांब खाली तंबूकडे. मला आता एखाद्या जनावराच्या पाठीवर घालून खाली न्या, एवढेच त्याचे म्हणणे होते.

सुवैलिमला सगळे लख्ख समजले. सांडणी. माझी. तुझ्या तंबूतली.

तो माणूस धरणे धरून बसला होता! सांडणी मिळेपर्यंत उठणार नव्हता. आणि उन्हात पाहुणा मेला असता, तर सांडणीही गेली असती, अब्रूही. पाण्याची पिशवी हेनिंगच्या मांडीवर ठेवून सुवैलिम धावत खाली आला.

"काय रे, पाहुणा कुठाय?" सुवैलिम हमामाचा दोर सोडत असताना मुतलकने विचारले.

"वर. रुसून बसलाय."

"तरी म्हटलं, ताबडतोब मागतात हे लोक."

कड्याच्या मागच्या अंगाने उंटांची लांब, सोपी वाट होती. त्या वाटेने सुवैलिम सांडणी वर नेत होता आणि सारा रस्ता तिच्याशी बोलत होता. "त्यांच्याकडे गवत हिरवं असतं म्हणे. थंडी असते, पण तुला सवय होईल. ओढण्या खाऊ नकोस गं तिथं." हमामाने त्याच्या बाहीचे टोक खाल्ले.

परत येताना हेनिंग तिच्या पाठीवर पालथा पडून तिच्या मानेला बिलगला होता. तिच्या प्रत्येक पावलासरशी त्याच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघत होती. पुढे दोर धरून, कुणाच्या मयताला निघाल्यासारखा, सुवैलिम चालत होता.

तंबूशी वदहा उभी होती. हेनिंग सांडणीवरून जवळजवळ तिच्या अंगावरच पडला आणि धबधब्यासारखा बोलू लागला.

"काय म्हणतो?" सुवैलिमने मान फिरवूनच विचारले. "स्पष्ट सांग. सांडणी कधी नेणार?"

"कसली सांडणी? बाबा, तो म्हणतोय हे जनावर आधी लांब न्या. आणि सकाळी त्यानं तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, त्या कड्यावर मला नेऊ नका. तुम्ही मोठ्यानं काहीतरी म्हणालात. त्याला वाटलं, कबूल केलंत."

सुवैलिमने हमामाच्या मानेला मिठी मारली. मोठ्याने हसला. मग हळूहळू त्याचे हसू विरले.

मुतलकने ते बरोबर हेरले. "म्हणजे बघ हं, वदहाच्या बापा. तू पाहुण्याला म्हणालास, दिलं. माझ्यासमोर म्हणालास. आणि त्यानं जे नको म्हटलं, नेमकं तेच केलंस. दिलेला शब्द मोडला की आपल्या आजोबांच्या वेळी भरपाई काय द्यायचे रे?"

सुवैलिमने हमामाची मान सोडली. भरपाई काय असते ते त्याला पाठ होते. एक सांडणी. पांढरी असेल तर उत्तम.

त्याने हमामाच्या कपाळावर एकदा हात ठेवला. मग तो पुढे झाला आणि त्याने हमामाचा दोर हेनिंगच्या हातात ठेवला. हेनिंगने साप टाकावा तसा तो टाकला आणि वदहाच्या पाठीमागे लपला.

"बाबा, तो विचारतोय, शिक्षा तुम्हाला आहे की त्याला?"

वदहाने मग त्याला सगळे समजावले. कॉफीचा, पेल्याचा, दिलेल्या शब्दाचा अर्थ सांगितला. सगळे आत बसले. सुवैलिमने नव्याने कॉफी ओतली. हेनिंगने पेला दोन्ही हातांनी असा धरला, की जणू तो खाली गेला तर वरून आभाळ कोसळेल. एका दमात प्यायला, जीभ भाजली, पण पेला सोडला नाही. रिकामा पेला हातात दिसला म्हणून सुवैलिमने पुन्हा भरला. तो पुन्हा प्यायला. असे चाललेच होते. त्याचे डोळे मोठे होत गेले. अखेर वदहाने त्याचे मनगट धरून पेला हलवून दाखवला, म्हणजे पुरे, तेव्हा कुठे तो सुटला.

"वाचलो," सुवैलिम मुतलकच्या कानात म्हणाला. "माझी पोरगी वाचली रे." तो हमामाबद्दल बोलत होता.

तेवढ्यात पडदा वर झाला. सबहा पुढे आली. तिच्या डोक्यावर ओढणीचा उरलेला अर्धा तुकडा होता. तिने आपला काठोकाठ भरलेला पेला नवऱ्यासमोर सतरंजीवर ठेवला, आणि हाताची घडी घालून बसली.

तंबूत पुन्हा शांतता पसरली. बाहेर हमामा दोर चावत होती, त्याचा तेवढा आवाज येत होता.

मुतलकने नवी काडी काढली. "बोल की. खोळंबलीय ती."

सुवैलिमने बायकोकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले, दाराबाहेर पाहिले. त्याच्या घराण्यात आजवर कुणी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला.

"काय हवंय?"

"आधी 'दिलं' म्हणा," सबहा म्हणाली.