कौतुकाचे चार कोपरे

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दोनच शिक्के होते. निळ्या शाईचा 'ठीक' आणि लाल शाईचा 'परत'. त्या शिक्क्यांमागे बसणाऱ्या तपासनीस बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. कारखान्यात बायका आणखी वीस-बावीस होत्या, पण 'बाई' म्हटलं की याच.

बाईंची रीत ठरलेली. काटा समोर आला की प्रमाण वजन आधी मध्यभागी ठेवायचं, मग एकेक करून चारही कोपऱ्यांवर. वजन उचललं की काटा शून्यावर यायला हवा. आला तर 'ठीक', नाही आला तर 'परत'. परतीच्या चिठ्ठीवर कारणाचा रकाना होता, तो बाई लाल शाईने नीट भरायच्या. 'ठीक'च्या चिठ्ठीवर रकानाच नव्हता, त्यामुळे तिथे काही लिहायचा प्रश्न आला नाही.

एकवीस वर्षं आठ महिन्यांत बाईंनी सोडलेला एकही काटा गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. कारखान्यातले लोक त्यांच्या तोंडावर कुरकुरायचे आणि बाहेर जाऊन त्यांच्याच नावाने मिशीला पीळ द्यायचे. ज्या फिटरचे काटे सगळ्यांत जास्त परत यायचे, त्याने तर सासुरवाडीत काटा भेट दिला तेव्हा छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्या बाईंच्या हातून सुटलाय. आता जग इकडचं तिकडे झालं तरी हा हलायचा नाही."

घरीही तोच कारभार. बाईंचा नवरा शिंपी होता, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. सकाळी लवकर उठून बाईंचा डबा तोच भरायचा. संध्याकाळी बाई आल्या की मान खाली घालून शिवता शिवता विचारायचा, "डबा कसा होता?" बाई म्हणायच्या, "ठीक." या घरात 'ठीक' मिळणं म्हणजे पदक मिळणं हे त्याला कळत होतं. तरी तो रोज विचारायचा, हेही खरं.

यंदा महिनाअखेरीला मुख्य तपासनीस निवृत्त होणार होते. ते पद बाईंना हवं होतं, आणि हवं असल्याचं त्या लपवतही नव्हत्या. मुख्य तपासनिसाला तपासणीचे नियम आणि चिठ्ठ्या ठरवता यायच्या, आणि त्या चिठ्ठ्यांबद्दल बाईंच्या मनात बरीच वर्षं बरंच काही साठलं होतं. कामात त्यांच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतंच. पद त्यांच्या खिशात असल्यासारखंच होतं.

तेवढ्यात कारखान्यात कल्याण अधिकारी आल्या. वयाने लहान, स्वभावाने मनापासून चांगल्या. माणसं एकमेकांशी गोड बोलली की काम आपोआप सुधारतं, यावर त्यांचा गाढ विश्वास. त्यांनी उपाहारगृहात एक पेटी ठेवली आणि प्रत्येकाला पिवळी कार्डं वाटली. आठवड्याला पाच सहकाऱ्यांचं कौतुक लिहायचं, खाली सही करायची आणि पेटीत टाकायचं. लोकांनी दोनच दिवसांत त्यांचं नाव कौतुकताई ठेवलं. मुख्य कचेरीलाही ही कल्पना इतकी आवडली की नवा नियम निघाला. वरच्या पदावर जायचं तर महिन्यात वीस कौतुकं दिलेली हवीत आणि वीस मिळालेली हवीत.

बाईंनी दिलेली कौतुकं होती शून्य. मिळालेली दोन, त्यातलं एक चुकून त्यांच्या नावावर पडलेलं.

कौतुकताई काळजीने त्यांच्या टेबलापाशी आल्या. "बाई, कुणाचं तरी काहीतरी आवडत असेलच ना तुम्हाला?"

"आवडतं की."

"मग लिहा ना."

"अजून तपासलं कुठाय?" बाई म्हणाल्या.

बाकीच्यांना तपासायची गरज वाटत नव्हती. तू माझं लिही, मी तुझं लिहितो, असा रोखठोक व्यवहार सुरू झाला होता. ज्याने हसायचं बहुधा निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलं होतं, त्या स्टोअरकीपरला 'हसतमुख' अशी चार कार्डं मिळाली. एक लेखनिक आठवडाभर रजेवर होता, त्याच आठवड्यात त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक झालं. पेटी भरून वाहू लागली आणि कौतुकताईंचा चेहरा उजळला. शुक्रवारी मुख्य कचेरीचे साहेब स्वतः पाहायला येणार होते.

मंगळवारी कौतुकताईंनी ट्रॉलीमामांना पेटी आपल्या खोलीत आणून द्यायला सांगितलं. ट्रॉलीमामा म्हणजे कारखान्यातला माल इकडून तिकडे नेणारे जुने गृहस्थ. त्या दिवशी ट्रॉलीवर काट्यांचे ट्रे खच्चून भरलेले, पेटी सारखी घसरत होती. मामांनी ती घटकाभर बाईंच्या टेबलावर ठेवली, चहा पिऊन येऊन नेऊ म्हणून. चहाला जुना दोस्त भेटला. मग एकाचे दोन चहा झाले आणि पेटी डोक्यातून गेली.

बाई जेवून आल्या तर टेबलावर पेटी. त्या टेबलाचा एक नियम होता: वर आलेली वस्तू तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ही कौतुकाची पेटी आहे हे न कळायला बाई काही खुळ्या नव्हत्या. पण नियम तो नियम. शिवाय लोक एवढं कौतुक करतात तरी कसं, हे बघायची त्यांना आतून उत्सुकताही होती. त्यांनी लाल शाईचं पेन उघडलं.

'नेहमी मदत करतात.' बाईंनी खाली लिहिलं : 'केव्हा, कुणाला, काय, याचा उल्लेख नाही. परत.'

'वेळेचे पक्के.' 'सदर गृहस्थ त्या आठवड्यात रजेवर. परत.'

'हसतमुख.' इथे मात्र बाई उठल्या, स्टोअरच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभ्या राहून आल्या, आणि मग लिहिलं : 'प्रत्यक्ष पाहिले. परत.'

संध्याकाळी तीनशे बारा कार्डांपैकी अकरा डाव्या ट्रेमध्ये होती आणि तीनशे एक उजव्या. ट्रॉलीमामा धावत आले ते पेटी न्यायला. पण ट्रे पाहिल्यावर त्यांच्या पायांनी नेहमीचा रस्ता धरला. डावा ट्रे पुढे जातो, उजवा ज्याने बनवलं त्याच्याकडे परत. कार्डांवर लिहिणाऱ्यांच्या सह्या होत्याच. मामांनी सुटी व्हायच्या आत तीनशे एक कौतुकं ज्याची त्याला पोचती केली आणि वर सगळ्यांना सांगितलं, "नापास झालंय. दुरुस्त करून द्या."

बुधवारी सकाळी कारखान्यात हलकल्लोळ. आपलं कौतुक नापास झाल्याचं ज्याला त्याला कळलं होतं. सगळ्यांत आधी फिटर तणतणत टेबलापाशी आला. कार्ड का परत केलं, हा त्याचा सवाल.

"काय लिहिलंय त्यात?" बाईंनी विचारलं.

"स्टोअरकीपर चांगला माणूस आहे, असं."

"असेल. पण वजन मध्यभागी ठेवलं की कुठलाही काटा बरोबरच दाखवतो. कोपऱ्यावर ठेवून बघा."

"म्हणजे?"

"तुम्ही अडचणीत असताना तो कसा वागला, ते लिहा."

फिटरने कार्ड दोनदा उलटसुलट केलं. मग हळूच म्हणाला, की त्याचे वडील दवाखान्यात होते तेव्हा तो रोज उशिरा यायचा. आला की सगळे सुटे भाग क्रमाने मांडलेले असायचे, अर्धं काम झाल्यासारखंच. स्टोअरकीपर सुटी झाल्यावर थांबून ते मांडून जायचा. त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि यानेही कधी विचारलं नाही.

"मग हेच लिहा की," बाई म्हणाल्या.

त्याने उभ्या उभ्या लिहिलं. बाईंनी तारखा विचारल्या, स्टोअरची वही मागवली, ताडून पाहिली आणि निळा शिक्का उमटवला. कार्ड ट्रॉलीवरून स्टोअरमध्ये गेलं. स्टोअरकीपर ते वाचून मागच्या फडताळाआड गेला, तो पाच मिनिटांनी बाहेर आला. डोळे लाल होते. धूळ फार झालीय म्हणाला, आणि मग हसला. बघणाऱ्यांनी लगेच बाईंना साक्षीला बोलावलं.

दुपारपर्यंत टेबलापुढे रांग लागली. कुणी कुणाबद्दल काय काय आठवून लिहू लागलं. बाई एकेका गोष्टीची खातरजमा करायला सगळ्या विभागांतून फिरू लागल्या, आणि त्या येताना दिसल्या की लोक उगाचच सरळ बसू लागले. तपासायचे काटे मात्र टेबलामागे छताला टेकायला आले. निवृत्तीला टेकलेले मुख्य तपासनीस बाह्या सरसावून स्वतः काटे तपासायला बसले.

टेबलावर आपलीच परत आलेली कार्डं पाहून कौतुकताईंना हे कळलं तेव्हा त्यांचं अवसानच गळालं. तीनशे बाराचे अकरा, आणि साहेब परवा येणार. "बाई, माझी नोकरी जाईल हो," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या.

बाईंनी डाव्या ट्रेमधलं त्यांच्याच सहीचं एक कार्ड पुढे केलं. त्यांच्या चाळीसपैकी एकोणचाळीस परत गेली होती. पास झालेल्या या एकात लिहिलं होतं, की त्या नव्या असताना पहिल्या दिवशी उपाहारगृहात त्यांच्याजवळ कुणी बसेना, तेव्हा ट्रॉलीमामा आपला डबा घेऊन समोर येऊन बसले. कौतुकताईंनी ते पुन्हा वाचलं. मग त्यांनी नवं कार्ड मागून घेतलं आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

तपासता तपासता बाईंच्या हाताशीच वीस खात्रीच्या गोष्टी जमल्या. त्या त्यांनी लिहून काढल्या. आपलं काम आपण तपासायचं नसतं, म्हणून मुख्य तपासनिसांकडे दिल्या. त्यांनी वीसही 'ठीक' केल्या. देण्याचा प्रश्न मिटला. राहिला मिळण्याचा.

गुरुवारी लोकांनी बाईंबद्दल तेवीस कार्डं टाकली. तीही रीतीप्रमाणे बाईंच्याच टेबलावर आली. 'बाई कधीच चुकत नाहीत.' खाली लाल शाईत : 'चुकीचे. तिसऱ्या वर्षी एक चांगला काटा परत केला होता. फिटरना विचारावे.' संध्याकाळी तेविसातली नऊ उरली.

"अहो, दोन-चार सोडून द्या ना," कौतुकताई काकुळतीला आल्या. "उद्या शेवटचा दिवस आहे. पद जाईल."

"सोडली तर पदावर बसून मी तपासू काय?" बाई म्हणाल्या. आवाज मात्र रोजच्यासारखा ठाम नव्हता. पद त्यांना खरंच हवं होतं. त्या दिवशी घरी जाऊन त्या नीट जेवल्याही नाहीत.

शुक्रवारी साहेब आले. इतर कारखान्यांत त्यांनी हजारहजार कार्डं पाहिली होती. इथे उपाहारगृहातल्या फळ्यावर पास झालेली सत्तावन्नच लावलेली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी जाता जाता एक कार्ड वाचलं. मग दुसरं वाचलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. जेवणाची वेळ टळली तरी ते फळ्यापाशीच होते.

"हे कुणी तपासलं?" त्यांनी विचारलं.

फिटर पुढे झाला. ज्याचे काटे बाईंनी सगळ्यांत जास्त परत केले होते, तोच छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्या बाईंनी."

साहेबांनी मुख्य तपासनिसाच्या जागेची चौकशी केली. कौतुकताईंनी मान खाली घालून खरं ते सांगितलं. नियमाला वीस लागतात, बाईंची नऊच आहेत, बाकीची नापास झाली.

"नापास कुणी केली?"

"त्यांनीच."

साहेब मोठ्याने हसले आणि व्यवस्थापकांना म्हणाले, "नियम मी बघतो. पत्र आजच द्या."

तासाभरात नेमणुकीचं पत्र तयार झालं. ते ट्रॉलीमामांनी हातात न देता मुद्दाम टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. बाईंनी वाचलं. लाल पेन उघडलं. 'सेवा बावीस वर्षे हे चुकीचे. एकवीस वर्षे आठ महिने. परत.' मामा पत्र घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीकडे निघाले, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक काम टाकून उठून उभे राहिले होते. दुसरं पत्र आलं. ते बाईंनी दोनदा वाचलं आणि निळा शिक्का मारला. शिक्का किंचित तिरका पडला, पण त्या दिवशी कुणी त्याला हरकत घेतली नाही.

नव्या पदावर बाईंनी पहिलं काम चिठ्ठी बदलण्याचं केलं. 'ठीक'च्या चिठ्ठीवरही कारणाचा रकाना आला. एवढी वर्षं आपण फक्त वाईटाचीच कारणं लिहीत आलो, हे त्यांना त्या चार दिवसांत फार लागलं होतं. नव्या चिठ्ठीवरचं पहिलं 'ठीक' फिटरला मिळालं. ती चिठ्ठी त्याने त्याच संध्याकाळी सासुरवाडीला नेऊन दाखवली.

बाईंचा रिकामा डबा घरी आला तेव्हा आत नव्या नमुन्याची एक चिठ्ठी होती. शिंप्याने मशीन थांबवून ती वाचली.

'डबा ठीक. कारण : आपले भांडण झाले त्या दिवशीही मीठ बरोबर होते.'

त्याने ती उलटून पाहिली, दिव्याजवळ धरून पाहिली. मग खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढून खाली दोन ओळी लिहिल्या आणि चिठ्ठी बाईंच्या पिशवीत सरकवून दिली. 'परत. कारण : शिक्का नाही.'

दुसऱ्या दिवशी पहिला काटा घेण्याआधी बाईंनी निळा शिक्का उचलला. या वेळी तो अगदी सरळ पडला. ती चिठ्ठी आता दुकानात मशीनच्या वर, मापाच्या फितीशेजारी लावलेली आहे. हे काय म्हणून गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा शिंपी मान वर न करता सांगतो, "कारखान्यातून तपासून आलंय."