गोणपाट गाडीत का ओकतो?

जगात भरवशाची नाकं दोनच, असं खाजगी गुप्तहेर दाजी सांगत. एक कुत्र्याचं आणि एक त्यांचं. त्यात कुत्र्याचा नंबर दुसरा. गुन्हा सात हात खोल पुरला तरी आपण हुंगून काढतो, हेही ते सांगत, फक्त मधेमधे शिंकत; कारण दाजींना बारमाही सर्दी होती. मेहुणा मुकाट ऐकून घेई. सख्ख्या बहिणीचा नवरा पडला. शिवाय सहायकाच्या जागेसाठी दुसरा अर्जही आला नव्हता.

त्या सकाळी शेजारच्या निवृत्त शाळाबाई गाडी घेऊन दारात आल्या. मागच्या सीटवर गोणपाट, म्हणजे त्याच रंगाचा त्यांचा कुत्रा.

"गाडीत बसला की ओकतो हो," बाई म्हणाल्या. "आधी तासाभराने ओकायचा, मग अर्ध्या तासाने, काल तर फाटकातच! उद्या मी लेकीकडे कायमची राहायला निघालेय. सहा तासांचा रस्ता. जावई म्हणतात, कुत्रा देऊन टाका कुणाला तरी." त्यांनी मागच्या काचेतून गोणपाटाकडे पाहिलं. "याला सोडून माझा पाय निघणार नाही. आणि इथे एकटीने आता होत नाही."

"विषप्रयोग!" दाजी गरजले.

कुत्र्याची बिस्किटं मेहुण्याने चाखायची ठरली. दोन खाऊन त्याने तिसरं मागितलं, तेव्हा तो तर्क निकालात निघाला.

"मग अंगपट्टा! कुणीतरी मुद्दाम आवळलाय." पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली.

"गाडीत कोण कोण असतं?"

"मी आणि हा."

दाजींनी बाईंकडे असं रोखून पाहिलं की बाईंनी पर्स छातीशी धरली.

शेवटी प्रात्यक्षिक ठरलं. गोणपाट दारातच राहिला; दाजी पुढे, मेहुणा मागच्या सीटवर, पट्ट्यासकट, चार पायांवर. पुरावा उडून जाऊ नये म्हणून काचा बंद. बाईंनी गाडी काढली. दुसऱ्या वळणावर मेहुण्याने पुढचा एक पाय तोंडावर धरला.

"दाजी, हा वास..."

"वास असता तर मला आला असता!"

परत दारात येताच मेहुण्याने गोणपाटाचंच काम केलं. गोणपाट शेजारी येऊन आपुलकीने बसला.

"साथ पसरतेय," दाजींनी वहीत लिहिलं.

एवढ्यात मेहुण्याची ताई दाजींना वाफाऱ्यासाठी बोलवायला आली. तिने गाडीत डोकं घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं. "अगं बाई! सुगंधाच्या किती डब्या टांगल्यात आत?"

"पाच," बाई म्हणाल्या. "हा ओकला की वास जावा म्हणून दरवेळी एक नवीन लावते."

बाईंनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

डब्या निघाल्या, सीट पुसली, काच चार बोटं खाली झाली. तासाभराची फेरी मारून गाडी परतली तेव्हा गोणपाट घोरत होता. बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडल्या.

"मला पहिल्यापासून संशय होता," दाजी म्हणाले, आणि पाचही डब्या त्यांनी मुद्देमाल म्हणून जप्त केल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. गोणपाट सहा तास झोपला होता आणि आता जावयांच्या सोफ्यावर झोपला होता.

मुद्देमाल दाजींच्या कचेरीत टांगला आहे. हल्ली अशील दारापर्यंत येतात आणि नाक दाबून परत फिरतात. यामागे मोठा कट असल्याचा दाजींना संशय आहे. तपास जोरात चालू आहे, आणि मेहुणा खिडकीतून डोकं बाहेर काढून टिपणं घेतो.