लाजायचं काय त्यात?

सरकारी आरोग्य विमा कार्यालयातल्या प्रचार अधिकाऱ्यांना सगळं ऑफिस ‘वक्ते’ म्हणत असे, आणि हे कौतुक नसून टोमणा आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. विम्यात आता गर्भनिरोधकांचाही खर्च बसला होता. गोळ्या, तांबी, कंडोम, सगळं कार्ड दाखवलं की फुकट. हे लोकांना सांगत हिंडायचं काम वक्त्यांकडे आलं आणि त्यांना भलतंच स्फुरण चढलं. “लाजायचं काय त्यात?” हे त्यांचं पालुपद. आवाज खणखणीत, म्हणून हेल्पलाइनवरही त्यांचाच आवाज टेप करून ठेवलेला.

त्या दिवशी सकाळी बायकोने त्यांना दारात गाठलं. घरात वर्षाची जुळी होती, तिची नोकरी पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू व्हायची होती आणि गोळ्या तिला सोसत नव्हत्या.

“आज येताना दुकानातून घेऊन ये. तुझ्याच योजनेतलं आहे.”

“आणतो की. त्यात काय!”

“आठवडाभर हेच ऐकतेय. आता पुन्हा घरी बसले तर ही नोकरी गेलीच म्हणून समज. आज रिकाम्या हाताने आलास तर उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायचं.”

बाहेरच्या खोलीत सासूबाई जुळ्यांना भरवत होत्या. त्यांनी ऐकलं की काय, या विचाराने वक्त्यांचे कान तापले. ते बॅग उचलून तडक निघाले.

संध्याकाळी ते औषधाच्या दुकानात शिरले आणि दिवसभर वाजणारी जीभ एकदम टाळूला चिकटली.

“बोला साहेब.”

“खोकल्याचं औषध.”

“आणखी?”

एवढ्यात मागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. “बँडेज,” वक्ते म्हणाले. बाईंच्या मागे एक आजोबा आले. “आणि केसांचं तेल.”

दुकानदाराने त्यांच्या टकलाकडे पाहिलं. “उशीर केलात, साहेब.”

शेवटी मनाचा हिय्या करून वक्त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. “योजनेतलं... ते.”

“ते म्हणजे? गोळ्या की—”

“की-च्या पुढचं,” वक्ते पुटपुटले.

“असं होय! मग फोनवर मंजुरी घ्यावी लागेल.” हात मोकळे राहावेत म्हणून दुकानदाराने स्पीकर लावला. सगळ्या दुकानात आवाज घुमला, “नमस्कार! गर्भनिरोधकांसाठी फोन केलात, अभिनंदन! मान खाली घालू नका, मोठ्याने मागा. लाजायचं काय त्यात?”

हे वाक्य वक्त्यांनीच लिहिलं होतं आणि त्यावर ते फार खूश होते. आता त्यांची मान काउंटरच्या खाली जायची तेवढी राहिली होती.

“हा आवाज कुठेतरी ऐकलाय,” बाई म्हणाल्या.

“आमच्या कारखान्यात आला होता की! फार पिळतो हो हा माणूस,” आजोबा म्हणाले.

वक्त्यांनी तोंडाला रुमाल लावला. आता काही झालं तरी बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दुकानदाराने फोन ठेवला.

“साहेब, तुमच्या कार्डावरचं या महिन्याचं कालच नेलंय.”

“नेलंय? कोणी नेलंय?” रुमाल गळून पडला आणि सभेतला आवाज जसाच्या तसा बाहेर पडला.

“अगबाई, हेच ते!” बाई ओरडल्या.

वक्त्यांना घाम फुटला. बायकोने नेलं असतं तर तिने त्यांना कशाला पाठवलं असतं? आणि बायकोने नाही, तर मग कोणी?

“इथूनच नेलं,” दुकानदार म्हणाला. “एक आजी होत्या. मी हळू आवाजात विचारत होतो, तर मलाच दटावलं. म्हणाल्या, ‘मोठ्याने बोल की. आमचे जावईच सांगतात, लाजायचं काय त्यात?’”

रांगेत हशा पिकला. आजोबांना तर हसता हसता खोकल्याची उबळ आली. वक्त्यांनी खोकल्याचं औषध त्यांच्या हातात ठेवलं आणि घरचा रस्ता धरला.

बायको बाजारातून अजून यायची होती. सासूबाई जुळ्यांच्या कपड्यांच्या घड्या करत बसल्या होत्या.

“आई, काल तुम्ही दुकानात...”

“गेले होते, तुमचं कार्ड घेऊन. तिसरं झालं तर सांभाळणार कोण? मीच ना? माझ्या कंबरेचा विमा आहे का तुमच्या योजनेत?”

“अहो, पण मग मला दिलं का नाहीत?”

सासूबाईंनी घडी केलेलं झबलं उलगडून पुन्हा घडी घातली. “दुकानात मागायला काही वाटलं नाही हो. पण जावयाच्या हातात कसं द्यायचं? लाजच वाटली बाई. म्हणून तुमच्या बॅगेत ठेवलं, पुढच्या कप्प्यात. पत्रकं काढताना दिसेल म्हटलं.”

पाकीट तिथेच होतं, पत्रकांच्या मागे. दिवसभर त्याच बॅगेतून पत्रकं काढून वक्ते लोकांना लाजू नका म्हणून बजावत होते. त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की तेलाची बाटली त्यांनी मुकाट्याने सासूबाईंना देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत पालुपद अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“दुकानात मागायला ज्यांना लाज वाटते त्यांनी हात वर करा,” ते म्हणाले आणि सगळ्यात आधी स्वतःचा हात वर केला.

त्या सभेत पहिल्यांदाच कोणी जांभई दिली नाही.