पुर्ज्यापुर्ज्याला कुंकू

"राजधानी भोपाळला चालली म्हणून मी पण जायचं? मी काय तुमच्या हपिसातली फाईल आहे?"

कणीक तिंबता तिंबताच इंदुताईंनी नवऱ्याला विचारलं. छप्पन्न सालचा आश्विन. मध्यभारत मोडून नवं मध्यप्रदेश राज्य व्हायचं होतं, आणि सचिवालयातले कारकून कृष्णराव भोपाळला निघाले होते. इंदुताईंना मात्र दौलतगंजातच, घराच्या ओसरीवर, रेडिओ-दुरुस्तीचं दुकान मांडायचं होतं. विद्या माहेरची, भावाच्या दुकानात बसून उचललेली.

"ठीक," कृष्णराव म्हणाले. "मुरारच्या लष्करी भंगारातनं आणलायस ना तो रेडिओचा खोका? मी निघायच्या आत बोलता करून दाखव. बोलला तर काढ दुकान. नाही तर मुकाट सामान बांधायचं."

"कबूल. मामंजी साक्षीला."

मामंजी म्हणजे जगदेवराव, संस्थानी फौजेतले हवालदार. फौज विलीन झाली, त्यांच्या मिशा तेवढ्या राहिल्या होत्या.

इंदुताईंनी खोक्यातले सगळे रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारे पुर्जे, सोडवले, पुसले, ताटात मांडले. वालाच्या शेंगेएवढे. आकडा कुणावर नाही, सगळी ओळख रंगांत. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, आणि मधला ठिपका सांगणार पुढे शून्यं किती. लाल ठिपका दोन शून्यं, पिवळा चार.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. इंदुताई देवळातून परतल्या तो ताट देवापुढे, आणि पुर्ज्यापुर्ज्याच्या मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचा लालभडक टिळा.

"मामंजी! हे काय केलंत?"

"शस्त्रपूजा!" जगदेवराव छाती काढून म्हणाले. "शिपायाची तलवार, सुनेची ही. एकाला नाही सोडलं!"

यावर रागवावं तरी कसं? इंदुताईंनी रॉकेलच्या बोळ्यानं कुंकू पुसलं. कुंकवाबरोबर लढाईच्या काळातले जुने ठिपकेही निघाले. शून्यं सगळीच गेली. मोजायचा मीटर मुरारात रेडिओवाल्या दौलतसिंहाकडे, आणि दौलतसिंह सणाला गावी.

"आता?" कृष्णरावांच्या मिशीत हसू मावेना.

"आता अंदाजानं. स्वयंपाकात मीठ काय तराजूनं घालते?"

निघायच्या सकाळी इंदुताईंनी बटण फिरवलं. खोका गुरगुरला, शिंकला, आणि त्यातून धूर निघाला.

"हरलीस! बांध सामान."

"एक पुर्जा जळलाय, मी नाही. कोणता ते आता कळलं. चार दिवस द्या."

"टांगा दाराशी उभा आहे, इंदू. शब्द म्हणजे शब्द."

"अगदी बरोबर," जगदेवराव मध्येच उठले. "शब्द म्हणजे शब्द. पण ऐन लढाईत सुनेची शस्त्रं बिघडवली कुणी? मी. मग हार माझी. भोपाळला मी येतो."

"आबा, तुम्ही? अहो, तिथे माझ्या जेवणखाणाचं कोण बघणार?"

"तू बघ! आपल्या दोघांचं. पहाटे उठवायचा बंदोबस्त माझ्याकडे. आधी कवायत, मग चूल."

वडिलांपुढे कृष्णरावांचं आजवर कधी चाललं नव्हतं. ट्रंक टांग्यात चढली, जगदेवराव चढले. कृष्णराव पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे.

"इंदू, काहीतरी बोल ना गं."

"बोलते की," इंदुताई म्हणाल्या. "मामंजींना चहा दोनदा लागतो. दुसऱ्यांदा आलं घालून."