टेमगिरे अण्णांचा लाल टॅग

टेमगिरे अण्णा गेम खेळायला बसताना सेफ्टी शूज घालतात. मी कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल बोलतोय, ज्यात माणूस खुर्चीतून हलतसुद्धा नाही आणि घाम फक्त माऊसला येतो. अशा कामाला पुढे लोखंड घातलेले ते वजनदार बूट कशाला, असं मी एकदा न राहवून विचारलं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इन्स्पेक्शन हाय हे. चपलांवर करत न्हाईत."

संत तुकाराम नगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये अण्णा दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी पहिल्या. त्याआधी चाकणच्या एका ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघांनी एकत्र दिवस काढले. अण्णा क्वालिटीत, मी स्टोअरमध्ये. स्टोअरच्या माणसाचं काम सोपं असतं. आलेला माल ठेवायचा, मागितला की द्यायचा. त्यामुळे माझा स्वभावच असा झालाय की मला सगळं चांगलं वाटतं. हॉटेलात गार चहा आला तरी मी पिऊन टाकतो. अण्णांचं नेमकं उलटं. त्यांना आजवर काही म्हणजे काही चांगलं वाटलेलं नाही.

कंपनीत त्यांच्याकडे तीन रंगांचे टॅग असायचे. हिरवा म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करा, लाल म्हणजे रिजेक्ट. हिरव्या टॅगचा गठ्ठा अण्णांना वर्षानुवर्षं पुरायचा. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी शाल आणि नारळ दिला. अण्णांनी स्टेजवरच नारळ कानाशी धरून हलवला, "पाणी कमी हाय," म्हणाले आणि साहेबांच्या हातात परत दिला. "नग तपासला का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी जावयाबद्दलही हेच विचारलं.

पण अण्णांची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एखाद्या सप्लायरचा माल रिजेक्ट झाला की आमच्याकडे पद्धत अशी की त्या सप्लायरच्या माणसानं स्वतः कंपनीत यायचं आणि एका बाकावर बसून आपला सगळा माल एकेक नग करून निवडायचा. भोसरीकडून, कुदळवाडीकडून ही पोरंसोरं थरथरत यायची. अण्णा अर्धा तास त्यांना अशा आवाजात झापायचे की पलीकडच्या प्रेसशॉपलाही ऐकू जावं. मग बरोबर एक वाजता विचारायचे, "डबा आणलाय का?" त्यानं कुठला आणलेला असायला! मग अण्णा आपला डबा उघडायचे. वहिनी रोज चार भाकरी जास्तीच्या द्यायच्या. अण्णा कामावर जातायत म्हणजे काहीतरी रिजेक्ट होणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता गेमचं. अण्णांचा मुलगा अमोल मेकॅनिकल शिकला. अण्णांनी शब्द टाकून त्याला आमच्याच क्वालिटीत चिकटवला. सहा महिने त्यानं कसेबसे काढले आणि एक दिवस जाहीर केलं की तो बंगळुरूला गेम बनवायच्या कंपनीत चाललाय. अण्णा म्हणाले, "खोटी गाडी बनवण्यापरीस खरा नट बनीव." अमोल म्हणाला, "तुमच्या हाताखाली नट पण पास व्हायचा नाही." झालं. त्याला आता तीन वर्षं झाली. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. अमोल आईला फोन करतो, तेव्हा अण्णा शेजारी बसून मोठ्यानं पेपर वाचतात.

रिटायर झाल्यावर अण्णांनी अमोलचा मागे राहिलेला कॉम्प्युटर पुसला आणि गेम खेळायला सुरुवात केली. "समोरच्या पार्टीचा माल कसला हाय ते बगतो," म्हणाले. वेळ जनरल शिफ्टची, म्हणजे नऊ ते साडेपाच. दहाला चहा, एकला जेवण, तीनला पुन्हा चहा. अंगात कंपनीचा जुना खाकी शर्ट, खिशात दोन पेनं आणि मांडीवर व्हर्नियर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरच्या आतलं माप घ्यायचं हत्यार. ते अण्णा सरळ स्क्रीनला लावतात. "हिरोचं डोकं बारा मिलिमीटर. घराचं दार दहा. मग ह्यो आत गेला कसा?"

आणि गेमही निवडून निवडून सुमार. नावाजलेल्या गेमच्या वाटेला ते जात नाहीत. "चांगल्या नगाकडं सगळेच बगत्यात," म्हणतात. जो गेम लोकांनी अर्ध्यात सोडलाय, ज्याच्याखाली 'बकवास', 'टाइमपास पण नाही' असं लिहिलंय, तो अण्णा पहिल्या पायरीपासून शेवटापर्यंत खेळतात. प्रत्येक भिंतीला हात लावतात, प्रत्येक मडकं फोडतात. मग त्याच जागी, जिथे बाकीच्यांनी एखादी ओळ लिहिलेली असते, तिथे अण्णांचा चार पानी रिपोर्ट पडतो. वर टॅगचा रंग आणि खाली क्रमवार चुका.

एका लढाईच्या गेमबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "तलवार म्यानात घालताना मांडीतून आरपार जाते. फिटमेंट नाही. योद्ध्याची तक्रारही नाही, म्हणजे ट्रेनिंग नाही. लाल." एका ट्रकच्या गेममध्ये चाकणसारखा औद्योगिक भाग दाखवला होता, आणि खऱ्या चाकणला जिथे तासभर अडकायला होतं, त्या चौकातून ट्रक दोन मिनिटांत पार झाला. अण्णा चवताळले. "सदर चौक ड्रॉइंगप्रमाणे नाही. लाल."

मेलेली माणसं उठून चालू लागतात त्या गेमवर तर त्यांनी आमच्या कंपनीतली पाच 'का'ची पद्धतच लावली. कुठलीही चूक सापडली की पाच वेळा 'का' विचारायचं, मग खरं कारण हाती येतं. हा माणूस चावतो का? मेलेला आहे म्हणून. मेलेला असून चालतो का? पुरलेला नाही म्हणून. पुरलेला नाही का? असं करत करत अण्णा पाचव्या 'का'ला पोचले. मूळ कारण: गावात स्मशानभूमीची सोय नाही. सुधारणा: ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. आठ दिवसांत कळवावे.

हे रिपोर्ट ते गेम कंपन्यांनाही पाठवतात. एका परदेशी कंपनीकडून आपोआप येणारं आभाराचं पत्र आलं. अण्णांनी त्याची प्रिंट काढून फाईलला लावली आणि वर लिहिलं, "सप्लायरने चूक मान्य केली." हळूहळू त्यांचं नाव झालं. काळेवाडीत आमच्या भाच्याच्या दुकानाजवळ कंपनीतली पोरं चहा पिता पिता अण्णांचा रिपोर्ट मोठ्यानं वाचतात आणि हसून लोळतात. पण हिरवा टॅग मात्र एकाही गेमला लागला नाही.

आणि मग अमोलचा गेम आला.

मला आधी कळलं, कारण अमोलनं मलाच फोन केला. 'सात कुलपं' नावाचा गेम. भुयारातून जायचं, सात दारं, सात कुलपं. "काका, आपटलाय," तो म्हणाला. "दुसऱ्या दारात हिरो भिंतीत अडकतो आणि लोक तिथंच सोडून देतात. शेवटच्या दारापर्यंत एकही माणूस पोचलेला नाही. अन् शेवटचं दार माझं आहे, मी एकट्यानं केलंय." मग म्हणाला, "घरी यावंसं वाटतं हो. पण कुठल्या तोंडानं येऊ? ते म्हणतील, बघ, खोट्या गाडीचं काय झालं. अण्णांनी गेम बघितला नाही ना? त्यांनी लाल लावला तर मी काही परत येत नाही."

मी म्हटलं, नसेल बघितला. फोन ठेवून वर गेलो तर अण्णा बुटांच्या नाड्या बांधत होते आणि स्क्रीनवर 'सात कुलपं' असं ठळक अक्षरांत आलं होतं. सुमार गेमचा वास त्यांना बरोबर लागतो.

वहिनी दारात उभ्या होत्या. "लेकराचा हाय. हिरवा लावा."

"आजवर खोटा हिरवा लावला न्हाई," अण्णा म्हणाले.

"मंग आज लावा की. कोन बगतंय?"

"मी बगतोय ना."

वहिनींनी त्या दिवसापासून चहात साखर टाकणं बंद केलं. अण्णांनी तक्रार केली नाही, हे मला विशेष वाटलं. एरवी साखरेचा एक दाणा कमी पडला तरी बोलणारा माणूस! मलाही चैन पडेना. अमोलला मी शेंबडा असल्यापासून ओळखतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, अण्णा माझ्यासारखे स्टोअरमध्ये असायला हवे होते.

पहिला दिवस दुसऱ्या दारातच गेला. हिरो भिंतीत अडकला. कुणीही वैतागून बंद केलं असतं. अण्णांनी त्याला चोवीस प्रकारे हलवून बघितलं, वहीत लिहून ठेवलं, आणि चहाच्या सुट्टीनंतर उडी मारता मारता तिरका करून बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी सहा दारं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. "ए स्टोअरवाले, वर ये. फायनलला साक्षीदार म्हणून स्टोअरची सही लागती."

मी शेजारी बसलो. वहिनी भांडी घासायच्या निमित्तानं दाराआड उभ्या होत्या, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता. हिरो सातव्या दाराशी पोचला. तिथे एक टेबल होतं आणि टेबलामागे एक म्हातारा. खाकी शर्ट, नाकावर उतरलेला चष्मा, खिशात दोन पेनं. त्यानं हिरोची पिशवी उघडली, सहा दारांतून गोळा केलेली एकेक वस्तू उजेडात धरून बघितली आणि मान वर करून विचारलं, "नग तपासला का?"

मी स्क्रीनवरून अण्णांकडे बघितलं आणि अण्णांवरून पुन्हा स्क्रीनकडे. स्क्रीनवरच्या म्हाताऱ्यानं ड्रॉवर उघडला, एक हिरवा टॅग काढला आणि हिरोच्या छातीला लावला. "पास," म्हणाला. "जा बाळा." दार उघडलं. गेम संपला.

 अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. मला वाटलं, आता हिरवा. मी सही करायला पेनही काढलं. तर अण्णांनी मांडीवरचं व्हर्नियर उचललं, गेम एक पायरी मागे नेऊन त्या म्हाताऱ्याला पुन्हा स्क्रीनवर आणलं आणि त्याचं माप घेतलं.

संध्याकाळी रिपोर्ट लागला. चुका एकोणचाळीस. दुसऱ्या दारातली भिंत, चौथ्या दारातली पाण्याची धार उलटी वाहते, वगैरे वगैरे. शेवटच्या दोन मी इथे उतरवून घेतो.

"अडतीस. दारावरचा म्हातारा एका झटक्यात हिरवा टॅग देतो. असे कधी झालेले नाही. ही म्हाताऱ्याची चूक आहे, माल बनवणाऱ्याची नाही.

एकोणचाळीस. म्हातारा प्रत्यक्षापेक्षा बराच उंच दाखवला आहे. उंची कमी करावी."

टॅग पिवळा. आणि सगळ्यात खाली, जिथे पुढे काय करायचं ते लिहितात, तिथे आमच्या कंपनीतल्या जुन्या रिपोर्टमध्ये असायचं तसंच वाक्य होतं: "सप्लायरच्या माणसाने स्वतः यावे, इथे बसून माल दुरुस्त करावा. जेवणाची सोय केली आहे."

मी सही केली. ती जरा वाकडी आली, तर अण्णांनी ती पुन्हा करायला लावली.

रविवारी अमोल आला. पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप. जिन्यात मला भेटला तेव्हा रिपोर्टची प्रिंट घडी करून त्याच्या खिशात होती. वर गेला आणि पाचच मिनिटांत अण्णांचा आवाज चढला. "ह्याला भिंत म्हनत्यात व्हय? ही भिंत हाय? पानी वर चढतंय कसं?" अख्ख्या बिल्डिंगनं खिडक्या उघडल्या. मी जिन्यात उभा राहून घड्याळाकडे बघत होतो. अर्धा तास झाला, तास झाला. अमोलचा आवाजही येऊ लागला, तोही काही कमी नव्हता. अखेर एक वाजला.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "डबा आणलाय का?"

अमोलनं सहा महिने त्याच खात्यात काढले होते. त्या बाकावर बसलेली पोरं त्यानं डोळ्यांनी बघितली होती. वरून त्याचा नाक ओढल्याचा आवाज आला. मी मान वर करून बघितलं तर दार सताड उघडं होतं आणि स्वयंपाकघरात वहिनी परातीपाशी बसल्या होत्या. जास्तीच्या चार भाकरी केव्हाच करून झाल्या होत्या, त्या पाचवी थापत होत्या.