एका पानावरचे पाव्हणे

आमच्या शेजारचे शिवलिंगप्पा मास्तर भाकरीला बुरशी आली की तिला पाटावर बसवत. खरंच सांगतो! शाळेत सायन्स शिकवायचे, घरी एकटेच राहायचे आणि बुरशीला 'पाव्हणं' म्हणायचे. आम्ही नाक मुरडलं की भिंग पुढं करत. "बघा की! लई देखणं पाव्हणं हाय."

सोलापुरात राहून कडक भाकरीला नावं ठेवणारा हा एकच माणूस. महिनाभर ठेवली तरी तिच्यावर काही उगवत नाही, हा त्यांचा राग. "जिच्याकडं पाव्हणं फिरकत न्हाय, ती कसली भाकरी?"

ध्यास एकच. सगळ्या बुरश्यांचं मूळ घराणं एक, मग कोण कधी वेगळं निघालं? लोणच्यावरची, चपलेवरची, पानमळ्यातली, सगळी भाऊबंदकी ते भिंतीवर खडूनं मांडत. स्वतः मात्र वडिलांच्या मळ्याच्या वाटणीवरून मैंदर्गीच्या थोरल्या भावापासून वेगळे निघालेले. कित्येक वर्षं बोलणं नाही. तो विषय निघाला की खडू खाली ठेवत. मला फार वाईट वाटे.

एका रविवारी मी त्यांच्याकडं बसलो असताना दारात एक म्हातारा आला, हातात जड गाठोडं.

"हीर खांदताना दगूड घावला. आत पान हाय. म्हटलं, आपल्या शिवाला दावावं."

थोरले अण्णाच ते! मास्तरांनी भावाकडं पाहिलंसुद्धा नाही, आधी दगडावर झडप घातली. पानाच्या ठशावर बारीक काळे ठिपके होते.

"पाव्हणं! पानाचा दगूड झाला तरी उठलं न्हाय! माणसाच्या आदीचं हाय, अण्णा. आन् ही बघा, दोन घराणी हायत."

अण्णांनी भिंगाला डोळा लावला.

"येगळं निघाल्यावरबी एकाच पानावर बसल्यात व्हय?"

मास्तर बराच वेळ दगडच पुसत राहिले. मग आत जाऊन आपलं एकुलतं एक ताट घेऊन आले.

अण्णांनी गाठोड्यातून शेंगाचटणी काढली आणि कडक भाकरी. आता भडका उडणार, म्हणून मी घाईनं उठलो. "मी घरून दुसरं पान आणतो."

"कशाला?" भाकरीचा तुकडा कडकन मोडत मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "भागतंय की एका पानावर."