उंबऱ्यातली चिप

२०२३ साली मी सिल्वासात एक विहीर बांधली. खरी नव्हे हो, खेळातली! मी, मुलगा तुषार आणि नात शीतल, तिघंही मोबाइलवर एकाच ठोकळ्यांच्या जगात नांदत होतो. तिथं माझं स्वतंत्र घर होतं. पन्नास वर्षांच्या संसारात मी मीटर वाचणाऱ्यालाही चपला घालून आत येऊ दिलं नाही. आणि या खेळातल्या घरात शीतलचा मित्र विशाल खुशाल बूट घालून गालिच्यावर उड्या मारायचा!

विशाल धुळ्याचा. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यात शीतलबरोबर कामाला. दोघांना लग्न करायचं होतं आणि तुषार नुसता "बघू, बघू" करत होता.

म्हटलं, पोराला आपणच वळण लावू! घरचा मिक्सर मी आजवर दुरुस्तीला दुकानात नेलेला नाही. खेळात दाराला, उंबऱ्याला बसवायची चिप मिळते; तिच्यावर हुकूम लिहिणं ते काय अवघड? शीतलकडून शिकले आणि लिहिलं : पायात बूट, तर उंबऱ्याची फळी खाली! खाली विहीर.

संध्याकाळी विशाल आला आणि भजं तेलात पडावं तसा पाण्यात पडला!

"ओ आजी! काय करी राहिल्या तुम्ही?"

"पायताण बाहेर!"

गुणी लेकरू. वर आला, बूट काढून पायरीवर ठेवले. मी हरखले. त्याला बसवून आमली, म्हणजे सिल्वासातली आमची वस्ती, पूर्वी कशी होती ते सांगितलं. तेव्हाची कौलारू घरं, ताडगोळेवाली, भररस्त्यात बसणाऱ्या म्हशी, म्हशींची नावंसुद्धा! तो आपला "हां आजी, हां आजी" करत राहिला.

निघाला, तर पायरी रिकामी!

"चोर! चोर!" मी ओरडले. "देवळाबाहेर होतं तेच झालं!"

"आजी, चोर कसला!" शेजारी बसलेल्या शीतलनं कपाळाला हात लावला. "या खेळात खाली टाकलेली वस्तू थोड्या वेळानं आपोआप नाहीशी होते. आणि ते बूट बाबांचे होते गं!"

तुषारनं महिनोन्‌महिने खपून बनवलेले हिऱ्याचे बूट! ते त्यानं विशालला वापरायला दिले होते, म्हणजे होकार जवळजवळ ओठांवर आला होता.

तेवढ्यात तुषार खेळात हजर.

"विशाल, बूट कुठायत?"

"हरवले, काका." पोरानं माझं नाव घेतलं नाही!

"बूट सांभाळता येत नाहीत, माझी मुलगी काय सांभाळशील?"

शीतल रडायला लागली. मी घाबरून म्हटलं, "अरे तुषार, चूक माझी आहे. आत ये, सगळं सांगते!"

तो आला. दुसरे बूट घालून.

पलीकडच्या खोलीत खुर्ची आपटली. मग "आईऽऽ!"

किती दिवस तो माझ्याशी बोलला नाही! विशाल आणि शीतलनं रविवार रविवार खाणी खणून त्याला नवे हिऱ्याचे बूट करून दिले, तेव्हा कुठं लग्न ठरलं.

विशाल आता जावई आहे. दारात बूट काढतो, पण पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसतो. शीतलनं चिपवरचा हुकूम बदलला; आता फळी फक्त माझ्यासाठी उघडते, मी अनवाणी असले तरी. आणि तुषार? तो खऱ्या घरात, देवघरापर्यंत बूट घालून येतो.

मी फरशी पुसते. बोलणार कुठल्या तोंडानं!